रामटेके साहेबांचं कुलूपबंद टपाल

रामटेके साहेबांनी माझ्याकडे ओळखपत्र मागितलं तेव्हा मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच सोफ्यावर बसून बुद्धपौर्णिमेची खीर खात होते. वाटी अर्धी झाली होती. साहेब समोर येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, खीर होऊ द्या निवांत. मग जरा घरी जाऊन फोटो असलेलं काहीतरी घेऊन या. लायसन, मतदार कार्ड, काहीही चालते."

"कशाला?"

"तुम्ही लेले मॅडमच आहात नं, याची खात्री करायची आहे."

आमची दारं समोरासमोर. वारज्यातली ही इमारत उभी राहिली तेव्हापासून. माझं विरजण बिघडलं की त्यांच्याकडून येतं, त्यांचा सिलिंडर संपला की आमचा जातो, आणि त्यांच्या घराची जादा किल्ली आमच्या देवघराच्या खणात असते. मी म्हटलं, "अहो, मी लेले नसेन तर इतकी वर्षं तुमच्याकडे येऊन खीर कोण खातंय?"

"तेच तर बघायचं आहे," साहेब म्हणाले.

मी निमूटपणे लायसन आणलं. साहेबांनी ते खिडकीशी धरलं, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "फोटोत बऱ्या दिसून राहिल्या," असा निकाल दिला आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. माझी खात्री पटली होती. म्हणजे त्यांची, माझ्याबद्दल.

आता हा माणूस वेडा नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार आहे. रामटेके साहेबांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. नागपूरहून बदली होऊन पुण्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. का, तर म्हणे पुण्यात कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. साहेबांइतका हुशार माणूस आपल्या शहराबद्दल एवढा गैरसमज बाळगून आहे, म्हणून आम्हीही कोणी तो दूर केला नाही.

खात्यातल्या नोकरीने त्यांना एक गोष्ट कायमची शिकवली होती. लाइन तपासायची म्हणजे रिसीव्हर कानाला लावावाच लागतो. "कोणाचं लग्न मोडलं, कोणाची बदली झाली, मला घरच्यांच्या आधी समजायचं," ते सांगत. "मी ऐकत नव्हतो, मॅडम. पण ऐकू येत होतं." म्हणजे दोन माणसं बोलतात तेव्हा मध्ये एक रामटेके बसलेला असतोच, आणि तो प्रत्येक वेळी सज्जन असेल असं नाही.

मग घराघरांत कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, आणि लोक ईमेल करू लागले. साहेबांना धक्काच बसला. "उघडं पोस्टकार्ड!" ते म्हणत. हे त्यांचं लाडकं वाक्य. मी ऑफिसातून बहिणीला मेल केली म्हणून सांगितलं की, "म्हणजे उघडं पोस्टकार्ड!" इमारतीतल्या आगाशे काकांनी अमेरिकेतल्या मुलाला नातवाच्या बारशाचे फोटो मागितले, "उघडं पोस्टकार्ड!" वाटेत जो कोणी उभा असेल तो वाचून पुढे पाठवतो, असं त्यांचं म्हणणं. आगाशे काका म्हणाले, "वाचेना का. नातू गोरा आहे, दडवण्यासारखं काही नाही." साहेबांनी कपाळावर हात मारला.

यावर उपाय म्हणून एक सॉफ्टवेअर मिळतं, फुकट मिळतं, आणि त्यात मेल असो वा फाइल, कुलूपबंद करून पाठवता येते, हे साहेबांना कुठूनसं समजलं. त्या दिवसापासून आमच्या इमारतीची शांतता गेली.

त्यांची पहिली शिष्या मी. कारण मी खराडीला एका आयटी कंपनीत कामाला. मी तिथे लोकांच्या पगाराचं आणि रजांचं बघते, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. पण खराडीची बस पकडणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, अशी आख्ख्या वारज्याची समजूत आहे. साहेबांनी मला बसवून शिकवलं. प्रत्येकाकडे दोन वस्तू असतात. एक कुलूप, एक किल्ली. कुलूप उघडं ठेवायचं आणि जगाला वाटायचं. किल्ली मात्र कोणाला द्यायची नाही. ज्याला तुम्हाला काही पाठवायचं असेल तो तुमचं कुलूप लावून पाठवतो, आणि ते फक्त तुमच्या किल्लीने निघतं. लावणाऱ्यालासुद्धा मग ते उघडता येत नाही.

"लावणाऱ्यालाही नाही?" मी विचारलं.

"नाही. दिलं ते दिलं," साहेब अभिमानाने म्हणाले. "पाठवणाऱ्यासाठी एक प्रत ठेवायची सोय आहे यात. मी ती बंद करून ठेवली आहे, माझ्या मशीनवर आणि सुनंदाच्याही. आपणच आपलं कशाला वाचत बसायचं?"

हे लक्षात ठेवा. आमच्या इमारतीत हे वाक्य पुढे फार महाग पडलं.

शिकवणी सोपी नव्हती. किल्लीला परवलीचं वाक्य लागतं, ते लांबलचक हवं, कुठे लिहून ठेवायचं नाही, आणि विसरलात तर मेलात. मी पहिलं वाक्य आठवड्यात विसरले. साहेबांना म्हटलं, काहीतरी युक्ती करा, उघडून द्या. ते प्रसन्न हसले. "कोणीच उघडू शकत नाही, मॅडम. हेच तर मोठेपण आहे त्याचं!" माझ्या डोळ्यांसमोर माझा दिवाळीच्या फराळाच्या हिशेबाचा तक्ता कायमचा बंद झाला होता आणि हा गृहस्थ अभिनंदन करत होता.

पण खरा अपमान पुढेच होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये, कुलूप खरंच त्याच माणसाचं आहे ना हे ओळखपत्र बघून ठरवल्यावर, ज्या ज्या माणसाचं कुलूप आपल्याकडे आहे त्याच्यावर आपला किती विश्वास आहे, हे नोंदवावं लागतं. अजिबात नाही, थोडासा, पूर्ण, असे पर्याय येतात. एकदा साहेब चहा टाकायला उठले असताना मी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'थोडासा'.

"थोडासा?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. "तुमच्या घराची किल्ली माझ्या देवघरात आहे, साहेब!"

साहेब जराही ओशाळले नाहीत. "घर वेगळं, हे वेगळं. तुम्ही चांगल्याच आहात नं. पण दुसऱ्याची खात्री करताना तुम्ही घाई करता. मागे पार्किंगच्या तक्रारीवर न वाचता सही केली होती की नाही?"

केली होती. ती तक्रार माझ्याच गाडीबद्दल होती. मी चहा न पिता घरी आले.

इमारतीतल्या इतरांना पटावं म्हणून साहेबांनी सोसायटीच्या सभेत प्रात्यक्षिक केलं. बोहरी आळीतून दाबून बंद होणारी कुलपं आणली, सगळी उघडी, आणि एकेक सर्वांच्या हातात दिलं. किल्ल्या स्वतःच्या खिशात. "दाबायला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र माझीच लागते. समजलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आगाशे काका आमचे चेअरमन. त्यांना तर इतकं समजलं की सभा संपल्यावर त्यांनी ते कुलूप पंपाच्या खोलीला लावून, दाबून पाहिलं. उत्तम बसलं. साहेब त्याच संध्याकाळी गाडीने नागपूरला लग्नाला गेले, किल्ल्यांसकट. सकाळी टाकीत पाणी नाही, पंपाची खोली बंद, आणि आगाशे काका तोंडाला दाढीचा फेस फासून जिन्यात उभे. शेवटी कडी तोडली. साहेब परत आल्यावर सगळे त्यांच्यावर चिडतील, म्हणून आधी मीच त्यांना वृत्तान्त सांगितला. ते हरखून म्हणाले, "म्हणजे काकांना बरोब्बर समजलं होतं!"

नंतर त्यांच्याकडे सेक्रेटरीपद आलं. त्यांनी वार्षिक सभेची सूचना कुलूपबंद मेलने पाठवली. बाकी कोणी किल्ली केलीच नव्हती, त्यामुळे ती उघडता येणारी इमारतीत मी एकटीच. सभेला साहेब आणि मी. आम्ही एकमताने लिफ्टला नवा रंग मंजूर केला. त्यानंतर सेक्रेटरीपद आगाशे काकांनी काढून घेतलं.

हे सगळं चालू असताना साहेबांच्या पत्नी, सुनंदावहिनी, बाजूला बसून हसत असत. आवाज न करता. कारण त्यांना आवाजच नव्हता.

पूर्वी होता, आणि कसा होता म्हणून सांगू! वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्या भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या आणि भाजीवाला कोपऱ्यावर असायचा. साहेबांना त्या जे काही सुनवायच्या ते आम्ही घरात बसून, टीव्ही बंद करून ऐकायचो. मग घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या पाटीवर लिहून बोलायच्या. शाळेतल्या पोरांची असते तशी काळी पाटी, आणि कमरेला खोचलेला फडक्याचा तुकडा.

त्यांच्या आजारपणात मदतीला म्हणून साहेबांची थोरली बहीण नागपूरहून आली आणि राहिली. कमलताई. बाई लाखातली, पण कानाने जरा कमी, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत. वहिनींचं बोलणं सर्वांपर्यंत पोचलं पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली होती. वहिनींनी पाटी वर केली की कमलताई मोठ्याने वाचणार. "सुनंदा म्हणून राहिली, भाजीत मीठ कमी पडलं!" "सुनंदा म्हणून राहिली, पाठ लय दुखते!" जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनींची पाठ कशी आहे हे विचारावं लागत नसे.

तर साहेबांनी वहिनींनाही कुलूप-किल्ली करून दिली. एक कॉम्प्युटर हॉलमध्ये होताच, बुधवार पेठेतून एक जुना जुळवून आणला आणि आतल्या खोलीत ठेवला. घरात माणसं तीन, कॉम्प्युटर दोन. आणि नवरा-बायको एकाच घरात, भिंतीच्या अलीकडून पलीकडे, एकमेकांना कुलूपबंद मेल करू लागले.

इमारतीला विषय मिळाला. आगाशे काका म्हणायचे, "चहात साखर किती, हेसुद्धा सरकारी गुपित झालंय." मी स्वतः पाहिलंय. साहेब हॉलमध्ये बसलेले असत. मेल येई. ते भलंमोठं परवलीचं वाक्य टाइप करत, स्क्रीन माझ्यापासून वळवत, वाचत. मग उठून मुकाट्याने गॅलरीतले कपडे काढून आणत.

"कपडे काढायला सांगितलं होतं ना?" मी विचारायची.

"ते मी नाही सांगू शकत," साहेब म्हणायचे. हातात वाळलेली चादर.

एकदा मी वहिनींनाच छेडलं. म्हटलं, एवढं काय गुप्त बोलता हो दोघं? त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मी वाचायच्या आतच कमलताई कडाडल्या, "तुम्हाले नाही समजायचं म्हणते!" वहिनींनी हसून पाटी पुसली. मीही हसले. विषय संपला.

आणि मग एका रविवारी सकाळी साहेब माझ्या दारात आले. पायात चप्पल नाही, दाढी नाही. "मॅडम, माझं मशीन गेलं. डिस्क उघडून नाही राहिली. किल्ली तिच्यातच होती."

मी म्हटलं, नवी डिस्क टाका, नवी किल्ली करा, त्यात काय एवढं.

"नवी किल्ली जुनं कुलूप उघडत नाही," ते म्हणाले. "सुनंदाने मला पाठवलेलं सगळं माझ्या जुन्या कुलपात आहे. मेल्स जागेवर आहेत, दिसून राहिल्या. पण उघडता नाही येत. तिलाही नाही. तिच्याकडे प्रत ठेवायची सोय मीच बंद केली होती नं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका. आधी बँकेत जाऊन येऊ."

कारण साहेबांनी किल्लीची एक प्रत सीडीवर काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. असा माणूस ठेवणारच. सोमवारी मी रजा टाकली. लॉकरमधून आईच्या बांगड्या काढाव्यात तशी साहेबांनी ती सीडी काढली, सदऱ्याच्या आत धरली, आणि आम्ही आमच्या घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. सीडी फिरली. फाइल दिसली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ती उघडायला घेतली आणि स्क्रीनवर एक ओळ आली. ही फाइल कुलूपबंद आहे, उघडण्यासाठी किल्ली हवी.

आम्ही दोघं त्या ओळीकडे बघत बसलो. कुठली किल्ली, ते खाली लिहिलेलंच होतं. साहेबांची. जी त्या फाइलमध्ये होती.

झालं असं होतं की सीडीवर जे जाईल ते आपोआप कुलूपबंद होऊनच जाईल, अशी व्यवस्था साहेबांनी फार पूर्वी करून ठेवली होती. किल्लीसुद्धा त्याच वाटेने गेली. पेटीची किल्ली पेटीत, आणि पेटीला कुलूप.

"मी तपासून पाहिली होती," साहेब म्हणाले. "उघडली होती, मॅडम!"

"उघडणारच. तेव्हा किल्ली घरात होती."

आणि मला हसू आलं. खरंच सांगते, आवरलंच नाही. आख्ख्या वारज्याला कुलूप शिकवणारा माणूस! मी हसत त्यांच्याकडे वळले आणि गप्प झाले. साहेब सीडीचं रिकामं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटची आशा म्हणून आम्ही त्यांच्या स्कूटरवरून बुधवार पेठेत गेलो. वहिनींना सांगितलं, माउस आणायला चाललोय. दुकानदाराने डिस्क उघडून आमच्यासमोर धरली, आतल्या चकतीवरचा ओरखडा दाखवला आणि मान हलवली. पुढे कुठे नेऊ नका म्हणाला, सगळे हेच सांगतील. साहेबांनी नवी डिस्क घेतली. पैसे देताना त्यांनी दुकानदाराचे आभार मानले, आणि ते मात्र मला बघवेना.

"चला, चहा घेऊ," मी म्हटलं. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात बसलो. मी सुचेल ते बोलत होते. म्हटलं, जाऊ द्या साहेब, जुन्या मेल्स कोण वाचतं? चहा, चादरी, भाजी, यापलीकडे काय असणार त्यात?

साहेबांनी चहा तसाच ठेवला. "ऑपरेशन झालं नं मॅडम, तेव्हा मी म्हटलं, आवाज गेला तर जाऊ दे, माणूस आहे. पाटीवर बोलू. एक दिवस तिने पाटीवर लिहिलं, 'मला भीती वाटते.' मला दाखवायला वर केली. मी चष्मा लावेपर्यंत ताईने ओरडून वाचलं. दारात दूधवाला होता. तो म्हणाला, 'कशाची भीती वाटते हो वहिनी?' चांगल्या मनानेच विचारलं त्याने. पण त्या दिवसापासून तिने पाटीवर भाजी आणि मीठ सोडून काही लिहिलं नाही. वर्षभर."

मी त्यांचा कप त्यांच्या जवळ सरकवला.

"चिठ्ठ्या करून पाहिल्या. ताई कपडे धुवायच्या आधी खिसे बघते. मेल करून पाहिली, तर घरचं खातं एकच, पासवर्ड सगळ्यांना माहीत, नागपूरची सगळी भाचरं तेच उघडतात. ताईला काय बोलणार? तिने सुनंदाचं एवढं केलं. दोष कोणाचाच नाही. नवरा-बायको काय मोठं बोलतात, मॅडम? काहीच नाही. पण हळू बोलतात नं. तिला हळू बोलायची सोयच राहिली नव्हती."

"आणि मग तुम्ही हे शिकलात."

"तुमच्यासाठी, सोसायटीसाठी कोण शिकते?" साहेब म्हणाले. "पण एकट्या बायकोसाठी कुलूप आणलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, काय बावा एवढं बोलता. म्हणून सगळ्यांनाच वाटून टाकलं."

मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पहिली मेल काय होती माहीत आहे? नुसती बोलणी. पानभर! मी कसा घोरतो, मी तिच्या भावाला लग्नात काय बोललो होतो, सगळं. वर्षभर साचलेलं. भांडायची लय हौस होती तिला, आणि पाटीवर, सगळ्यांसमोर, कसं भांडणार? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, मॅडम, इतका आनंद झाला. तेव्हापासून जे जे बोलली ते सगळं त्यात होतं. तिचा आवाज दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी मी घालवला."

बुधवार पेठेच्या त्या गर्दीत, दगडूशेठकडे जाणाऱ्या माणसांच्या वाटेत, साहेब रुमालात तोंड घालून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसले.

घरी आलो. सांगायचं तर होतंच. साहेब वहिनींच्या समोर वेताच्या मोड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. डिस्क, सीडी, पेटी, किल्ली. मी दाराशी उभी. कमलताई गहू निवडत होत्या. वहिनींनी शांतपणे ऐकलं. मग पाटी घेतली, लिहिलं, वर केली.

"बरं झालं म्हणते!" कमलताईंनी वाचलं. "निम्मी भांडणंच होती म्हणते! कोणती भांडणं वं सुनंदा?"

"मला तीच पाहिजे होती नं, सुनंदा," साहेब म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी पाटी पुसली, पण लिहिलं काही नाही. साहेबांच्या हातातली नवी डिस्क पाहिली, बोटाने कॉम्प्युटरकडे खूण केली, बसवा ती. आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

डिस्क बसवण्यात आणि सगळं पुन्हा घालण्यात दुपार गेली. नवी किल्ली करताना ते सॉफ्टवेअर माणसाला माउस वेडावाकडा फिरवायला लावतं. साहेब दोन्ही हातांनी फिरवत होते. "पोळ्या लाटून राहिला का रे?" कमलताईंनी विचारलं. मग नवं कुलूप वहिनींकडे पाठवलं. आता ते खरंच साहेबांचंच आहे ना, मध्येच कोणी बदललं तर नाही ना, हे पडताळण्यासाठी त्या कुलपाचा ठसा, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक माळ, दोन्हीकडे जुळवून बघावी लागते. भिंतीपलीकडे सख्खी बायको बसली होती, तरी साहेबांनी ते टाळलं नाही. दाराशी उभे राहून ते चार-चार अक्षरं मोठ्याने वाचू लागले. जुळलं की आतून टेबलावर एक टकटक यायची. चार अक्षरं, टकटक. चार अक्षरं, टकटक. शेवटच्या चार अक्षरांना दोनदा आली.

साहेब येऊन खुर्चीत बसले. आत कीबोर्ड वाजायला लागला होता, आणि तो काही केल्या थांबेना. मी चप्पल घालून निघाले होते तेवढ्यात मेल आली. साहेबांनी परवलीचं वाक्य टाइप केलं. या वेळी स्क्रीन वळवायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, म्हणून मीच तोंड फिरवलं.

"हो," साहेब स्क्रीनला म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हो, ते चुकलंच माझं." मी ओझरतं पाहिलं तर त्यांचे कान लाल झाले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. आत वहिनी पुढची लिहीतच होत्या.

कमलताईंनी गव्हाचं सूप खाली ठेवलं. "काय म्हणून राहिली रे सुनंदा?"

"काही नाही, ताई," साहेब डोळे पुसत म्हणाले. "आमचं आपलं चालू आहे."